पावाची पाठ

पोस्टरवरच्या सर ऑब्री व्हिटक्लिफच्या धडावर साबणाच्या जाहिरातीतल्या गुटगुटीत बाळाचं डोकं चिकटवलं, ते मीच. गावात अजून कुणी ना कुणी कोपरानं ढोसून विचारतो, "रूबन, तूच ना रे तो?" मी म्हणतो, छे, वाऱ्यानं उडून बसलं असेल. पोस्टरं चिकटवणं हा माझा धंदा. बादलीत खळ, हातात लांब दांड्याचा ब्रश, खांद्याला शिडी. निवडणूक आली की निळ्यांची पोस्टरंही मीच लावतो आणि पिवळ्यांचीही. निळे म्हणजे हुजूर पक्षवाले, गिरण्यांचे मालक आणि त्यांच्या मागून टोपी हातात घेऊन चालणारे. पिवळे म्हणजे उदारमतवाले, आमची चॅपलला जाणारी माणसं. भिंतीला पक्ष नसतो. मला आहे, पण तो मी भिंतीला कळू देत नाही.

आज सांगायची गंमत मात्र ती नाही. ही दुसरी आहे, आणि ती मी बरीच वर्षं पोटात ठेवली. माझ्यासारख्याच्या पोटात गंमत टिकत नाही, आंबते. पण सेलिना होल्ट होती तोवर बोलायची सोय नव्हती. गेल्या हिवाळ्यात ती गेली. आता ऐका.

सेलिनाचा नवरा इनॉक. आमच्या हॅझलशॉमधला पिवळ्यांचा खांबच म्हणा ना. दहाव्या वर्षी गिरणीत पिंजणखात्यात लागला, तो छाती भरेपर्यंत तिथेच. आमच्याकडे पिंजणखात्यातला माणूस ओळखायला नाव विचारावं लागत नाही, खोकला ऐकला की झालं. कापसाचा बारीक धुरळा आत जाऊन बसतो आणि भाडं न देता राहतो. पण खोकत खोकत हा माणूस कायदा सांगायचा. कुणाला मत आहे, कुणाला नाही, भाड्याच्या घरात किती दिवस राहिलं की मिळतं, कशानं जातं, सगळं तोंडपाठ. मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात पिवळी फीत लावून उभा. त्याचा बाप मत न देताच मेला होता, तेव्हा मजुराला मत नव्हतंच. त्यामुळे इनॉक मत द्यायला जायचा तो रविवारचा कोट घालून, बूट चकचकीत करून. मी चिडवायचो, "काय रे, लग्न आहे का?" तो म्हणायचा, "लग्नाला मी एकदाच गेलो. इकडे पुन्हा पुन्हा जातो, यावरून समज."

आणि आमच्या गावची एक रीत. मतदानाला जायचं निळ्यांच्या गाडीतून आणि मत टाकायचं पिवळ्यांना. गाड्या सगळ्या निळ्यांकडे. पिवळ्यांकडे एक हातगाडी आणि भरपूर भजनं. म्हातारी माणसं ऐटीत निळ्यांच्या बग्गीत बसायची, उतरताना गाडीवानाला "देव तुझं भलं करो" म्हणायची आणि आत जाऊन पिवळ्याच्या नावापुढे फुली मारायची. निळ्यांना हे पक्कं ठाऊक. पण गाडी पाठवली नाही तर त्यांचे स्वतःचेही घरी शेकत बसतील, म्हणून पाठवायचे बिचारे.

तर त्या वर्षी लंडनला संसदेच्या वरच्या सभागृहातल्या लॉर्डांनी सरकारचं अंदाजपत्रक उचलून फेकून दिलं. त्यांच्या जमिनींवर कर बसणार होता ना. ऐन जानेवारीत निवडणूक लागली. इनॉक तेव्हा अंथरुणाला खिळलेला. बातमी वाचून दाखवली तर खोकता खोकता लॉर्डांबद्दल त्यानं असे काही शब्द वापरले की चॅपलमध्ये बसणाऱ्या माणसाला हे येतात कुठून, याचं मला कौतुकच वाटलं. पिवळ्यांनी आपल्या मिरवणुकीत दोन पाव काठ्यांवर लावून फिरवले. एक भलामोठा, एक मुठीएवढा. निळे आले तर बाहेरच्या गव्हावर जकात लावतील आणि तुमचा पाव एवढासा होईल, असा त्याचा अर्थ. मिरवणूक इनॉकच्या खिडकीखालून गेली. तो उशीला टेकून मोठ्या पावाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "या वेळचं एक मत देतो, मग काय व्हायचं ते होवो."

दुसऱ्याच दिवशी सेलिना माझ्या शेडमध्ये आली. मी खळ शिजवत होतो.

"रूबन, या गावात फसवायचा कुणी बाकी आहे का तुझा?"

"पाद्रीबाबा राहिलेत," मी म्हटलं. "पण ते स्वतःच स्वतःला फसवतात, माझा वेळ वाचतो."

ती हसली नाही. एरवी माझ्या फालतूतल्या फालतू विनोदाला हसणारी बाई. शाल अंगाशी आवळून उभीच राहिली.

"माझ्या माणसाला फसव," ती म्हणाली.

मी ब्रश खाली ठेवला.

मग तिनं सांगितलं. आदल्या हिवाळ्यात इनॉकची मजुरी बंद झाली. आजारफंडही आटला. गरीबखात्याच्या डॉक्टरकडून औषध आणायला इनॉकची ना नव्हती. तोच म्हणाला होता, औषध घेतल्यानं माणसाचं काही जात नाही, कायद्यात आहे. पण औषध रिकाम्या पोटी प्यायचं कसं? डॉक्टर सेलिनाला दारात म्हणाला, बाई, याला खायला घाला काहीतरी. तशी ती ईस्टरच्या सुमारास गरीबखात्याच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली आणि पाव मागून आणला. मग दर आठवड्याला आणू लागली.

"मला वाटलं, जिथून औषध तिथूनच पाव. त्याच इमारतीतून, त्याच खिडकीतून. डॉक्टरच म्हणाला खायला घाल. मग पाव म्हणजे औषधच झालं की नाही?"

"झालं की."

"नाही झालं. तिथला साहेब पानगळीच्या दिवसांत मला म्हणाला, होल्टबाई, औषधानं मत जात नाही, पावानं जातं. डॉक्टरनं पाव कागदावर लिहून दिला असता तर गेलं नसतं. तुम्ही तोंडानं मागितलात. तुमच्या नवऱ्याचं नाव काढलंय." ती खळीच्या भांड्याकडे बघत होती. "घरात एकच मत होतं, रूबन. मला तर कुणी देणारच नव्हतं. आमच्या दोघांत मिळून ते एक. ते मी पावाबरोबर खाल्लं."

"इनॉकला पावाचंही माहीत नाही?"

गरीबखात्याच्या पावाच्या पाठीवर ठसा असतो, हे आमच्या गावात पोराटोरांना ठाऊक आहे. कुणी तो दुकानात विकू नये म्हणून कच्च्या कणकेवरच मोठ्ठं अक्षर दाबतात. भाजल्यावर ते असं उमटून दिसतं की आंधळ्यालाही बोटानं वाचता यावं.

"मी पाठ कापून टाकते," सेलिना म्हणाली. "म्हणते, कडक आहे, तुला खोकला लागेल."

"आणि ती पाठ?"

"मी खाते. शेगडीपाशी उभी राहून."

मी खळ ढवळू लागलो.

"तो शाळेत जाणार," ती म्हणाली. "रांगेत उभा राहणार, सगळ्या गल्लीसमोर. आणि तिथला कारकून मोठ्यानं सांगणार, होल्ट, तुझं नाव नाही, तू गरीबखात्याचा पाव खातोस. तो तिथेच मरेल रे. आणि मरताना माझ्याकडे बघेल."

"ताप आहे म्हणून घरी ठेव."

"ताप आहेच. म्हणतो, मत काय ताप देणार आहे? मी देणार."

ती गेल्यावर मी ती खळ करपवली. विचार करताना माझं असंच होतं.

बेत ठरायला मात्र वेळ लागला नाही. आमचं पितळी वाद्यांचं एक बँडपथक आहे, त्याची तालमीची खोली कालव्याच्या बाजूला, शाळेपासून लांब. मी तिथे झांजा वाजवतो, म्हणजे मला दुसरं काही देत नाहीत. पथकातल्या मंडळींना मी सगळं सांगितलं. वजडी विकणारा जोब रॅम्सडेन हा आमचा सगळ्यात जाडा आणि सगळ्यात भित्रा वादक. त्याला मी मतदान अधिकारी केला, कारण काळा कोट त्याच्याचकडे होता. एकाचा भाऊ पोलिसात, त्याचं जुनं शिरस्त्राण मिळालं. ते घालून एकजण दारात उभा करायचा होता. एका वाद्याच्या पेटीला झाकणावर फट पाडली, ती मतपेटी. मतदानाची सरकारी सूचना तर गावभर मीच चिकटवलेली, एक उरली होती. तिच्याखाली मी 'आजारी व अपंग मतदारांसाठी' अशी पट्टी जोडली. राहिल्या मतपत्रिका. पिवळ्यांनी लोकांना फुली कुठे मारायची ते शिकवायला नमुन्याचे कागद छापले होते, हुबेहूब खऱ्यासारखे, फक्त वरच्या कडेला 'नमुना' असं लिहिलेलं. मी कात्रीनं ती कड उडवली.

"हा गुन्हा आहे का रे?" जोबनं विचारलं.

"मत खोटं असलं तर गुन्हा. इथे मतच नाही."

"मग काय आहे?"

"बँडची तालीम आहे. घाम पूस."

मतदानाच्या सकाळी निळ्यांच्या उमेदवाराची, सर ऑब्रीची मोटार इनॉकच्या दारात आली. ती मी निळ्यांच्या कचेरीत जाऊन मागून आणली होती. एक म्हातारा मरायच्या आधी निळं मत देऊ म्हणतोय, असं सांगितल्यावर तिथल्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मोटार चालवणारा लंडनचा, वेस्टकॉट नावाचा, हातमोजे घातलेला. इनॉकला आम्ही खुर्चीसकट उचलून बाहेर आणलं. रविवारचा कोट त्याच्या अंगावर असा लोंबत होता की आत अजून एक इनॉक मावला असता. बूट मात्र चमकत होते. सेलिनानं पहाटे उठून पुसले होते.

"हा नक्की आमचाच ना?" वेस्टकॉटनं माझ्या कानात विचारलं.

"मफलर बघा ना," मी म्हटलं. मफलर निळा होता, सेलिनानं विणलेला. कोटाच्या आत पिवळी फीत होती, ती मला दिसत होती.

सेलिनानं त्याच्या पायांवर रग खोचला. "फार बोलू नकोस तिथे," ती म्हणाली.

"मत द्यायला बोलावं लागत नाही, सेलिना. म्हणून तर पुरुषांना दिलंय."

गल्लीतल्या बायका हसल्या. सेलिनाही हसली, आणि लगेच घरात निघून गेली.

रस्त्यात मी इनॉकला सांगितलं की या वेळी आजारी लोकांची सोय बँडच्या खोलीत केली आहे. त्यानं "हं" केलं. पहिल्यांदाच मोटारीत बसला होता, खाली पळणारे दगड बघत होता. "सर ऑब्रीचं बूड रोज असं सुखात असतं होय," म्हणाला. "मग त्याला कर कसा आवडेल."

बँडच्या खोलीत मंडळींनी कमाल केली होती. टेबलावर हिरवं कापड, कोपऱ्यात पडदा. दारातल्या पोलिसानं सलाम ठोकला, तसं शिरस्त्राण नाकावर आलं. जोब टेबलामागे बसून मेणासारखा वितळत होता.

"नाव?" जोबनं विचारलं.

"तुझ्या बापापासून तुमच्याकडची वजडी खातोय, जोब. आता नाव विचारतोस?"

"नियम आहे."

"असेल तर बरोबर आहे. इनॉक होल्ट, कॅनल स्ट्रीट."

जोबनं बँडच्या सुरावटींच्या चोपडीवरून बोट फिरवलं आणि "आहे" म्हणाला. त्याचा आवाज इतका बारीक आला की मी खोकून तो झाकला. त्यानं कागद दिला. मी इनॉकला पडद्याआड नेऊन सोडलं आणि बाहेर उभा राहिलो. आत बराच वेळ काही नाही. मग पेन्सिलीचा आवाज, मग खोकला, मग पुन्हा शांत. तो बाहेर आला, कागदाची नीट घडी केलेली, आणि पेटीत टाकला. टाकताना दुसऱ्या हातानं टोपी काढली.

झालं, मी मनात म्हटलं. रूबन क्लेग, यापुढे काहीही कर, याच्यापुढे तुझी गंमत जाणार नाही.

आणि तेवढ्यात दारातून मिस्टर लम्ब आत आले. हे टोप्यांचे दुकानदार, छातीवर कोबीएवढं निळं फूल. बाहेर सर ऑब्रीची मोटार पाहिली, भिंतीवर सरकारी सूचना पाहिली, आले.

"इथेही घेतात का?" ते म्हणाले. "शाळेत केवढी रांग आहे. माझ्या गुडघ्याला ते सोसत नाही."

जोबनं माझ्याकडे बघितलं. मी जोबकडे बघितलं. आता माझा स्वभाव तुम्हाला सांगायला नको. चालून आलेलं सावज, तेही निळं, तेही लम्बसारखं. फुली मारेल, पेटीत टाकेल, घरी जाऊन बायकोला सांगेल आणि त्याचं मत झांजांच्या पेटीत पडून राहील. मी डोळा मारला.

"या, मिस्टर लम्ब," जोब म्हणाला. "नाव?"

"आत्ताच घेतलंस की माझं नाव."

"नियम आहे."

इनॉक दारापर्यंत पोचला होता, माझ्या खांद्यावर हात ठेवून. तो थांबला. हळूहळू वळला.

"मिस्टर लम्ब," तो म्हणाला. तो त्याचा शाळेच्या दारातला आवाज होता, आजारी माणसाचा नव्हे. "तुमचं मत शाळेत आहे. तिकडे जा."

"पण हा घेतोय ना इथे."

"जोबला वजडीतलं कळतं. हे फक्त आजारी माणसांसाठी आहे. तुम्ही इथे टाकलंत तर मोजलं जाणार नाही. माझं ऐका, मी त्या दारात कितीतरी निवडणुका काढल्यात. ती मोटार बाहेर आहे, ती तुम्हाला नेईल आणि मला न्यायला परत येईल. गुडघा सांभाळा."

लम्ब जरा गोंधळले. "तुम्हाला ठाऊक आहे ना होल्ट, मी कुणाला मत देणार ते?"

"गावाला ठाऊक आहे. गाढवाला देणार. पण द्या. ते तुमचं आहे."

लम्ब टोपीला हात लावून गेले. मोटारीचा आवाज लांब गेला. पोलिसानं शिरस्त्राण काढून काखेत धरलं. इनॉक मोठ्या ढोलाशेजारच्या स्टुलावर बसला आणि श्वास जमेपर्यंत आम्ही सगळे जमिनीकडे बघत राहिलो.

"एक निळं कमी झालं असतं," मी म्हटलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"झालं असतं. त्याला कळलंही नसतं."

"मग?"

"मला कळलं असतं ना." त्यानं मफलरनं तोंड पुसलं. "तुझ्या त्या कागदाची पाठ कापलेली होती, रूब."

मी पेटीच्या फटीकडे बघितलं.

"आमच्या घरातल्या पावासारखी. मी काय आज खातोय तो पाव? माझा बाप अंथरुणाला पडला तेव्हा माझी आईही पाठ कापायची. म्हणायची, कडक आहे, तुझे दात दुखतील. मी त्या पावावर वाढलोय. त्याची चव मला झोपेत कळते, त्यात बटाटा जास्त असतो. ईस्टरनंतरच्या सोमवारी सेलिनानं ताटली पुढे ठेवली आणि मला पहिल्या घासाला कळलं."

"मग मत गेलं, हेही तेव्हाच..."

"अर्ध्या गावाला मीच शिकवलंय, औषध चालेल, पाव चालणार नाही. दुसरा घास घेऊ की नको, असा विचार केला. ती समोर उभी होती, बघत. घेतला."

जोब तोंड भिंतीकडे करून नाक शिंकरत होता.

"मग गेले तीन आठवडे मत, मत म्हणून आमचं डोकं का खाल्लंस?" मी म्हटलं. मला रागच आला होता, कशाचा ते ठाऊक नाही. "गप्प पडून राहायचं होतंस."

"गप्प पडून? निवडणूक आलीय आणि इनॉक होल्ट मत द्यायचं म्हणत नाही? तिला त्याच क्षणी कळलं असतं, याला माहीत आहे. मग तिनं पाव आणला असता होय? मला वाटलं होतं, शाळेच्या दारापर्यंत जायचं आणि तिथे घेरी आल्याचं सोंग करून परत यायचं. तू काहीतरी भानगड करशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. यायला हवं होतं." तो पहिल्यांदा हसला. "हिरवं कापड छान आहे. कुणाचं?"

"माझ्या बायकोचं," जोब म्हणाला. "तिला माहीत नाही."

"तिला बरंच काही माहीत नसू दे. ऐका सगळे. सेलिनाला हे कळायचं नाही. मी आज मत दिलं, बस. जोब, तू खास लक्षात ठेव."

"मी बायकोला काही सांगत नाही."

"म्हणून तर तिला सगळं कळतं."

मोटार परत आली. त्याला आत बसवल्यावर इनॉक वेस्टकॉटला म्हणाला, "बाबा, जाताना शाळेवरून ने. आणि सावकाश. पेट्रोल निळ्यांचं आहे, घाई नको." शाळेसमोर रांग वळणापर्यंत गेली होती. गल्लीतली माणसं, गिरणीतली माणसं, थंडीत पाय आपटत उभी. दोघातिघांनी हात केला. इनॉकनं टोपी काढली, ती शाळा मागे पडेपर्यंत हातातच धरली. मी दुसरीकडे बघितलं.

सेलिना दारात होती. एप्रनला हात पुसत होती, जरी ते कोरडेच होते.

"दिलंस?"

"दिलं."

"काही अडचण?"

"जोब रॅम्सडेनला अधिकारी केलंय या वेळी. देश बुडाला समज."

तिनं त्याच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. बाईच्या खांद्यांवरून ओझं उतरताना डोळ्यांना दिसतं, तसं ते दिसलं. मला आयुष्यात कुणी अशी शाबासकी दिली नाही, आणि मी ती खोटी घेऊन उभा होतो, दोघांच्या मधे, दोन्हीकडची गंमत एकट्याच्या पोटात.

आमच्या मतदारसंघात पिवळे निवडून आले. मी निकाल सांगायला गेलो तर इनॉकला धड बोलवत नव्हतं. सेलिना त्याच्या पाठीमागे उशी धरून बसली होती.

"बघ," ती त्याला म्हणाली, "त्यात एक तुझं आहे."

"आहे की," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की मला खिडकीपाशी जाऊन उभं राहावं लागलं.

फेब्रुवारीत, रस्त्यावर बर्फाचा चिखल असताना, तो गेला. अंत्यविधीचा विमा सेलिनानं कधी चुकवला नव्हता, तेवढं तिनं उपाशी राहूनही भरलं होतं. त्यामुळे शवपेटी लाकडाची, मूठ पितळेची आणि नंतर चहाबरोबर हॅम. आमच्याकडे हॅमनिशी पोचवलेला माणूस इभ्रतीनं गेला असं मानतात. बँडनं कब्रस्तानापर्यंत वाजवलं. माझी झांज दोनदा चुकली, कुणी काही म्हणालं नाही. मिस्टर लम्ब आले होते, काळं फूल लावून. म्हणाले, "माझ्या गुडघ्याची काळजी होती हो त्याला."

घरात सगळे दाटीवाटीनं बसलो. सेलिना माझ्यापाशी आली, हातात पाव कापायची सुरी.

"एक बरं झालं, रूबन," ती हळूच म्हणाली. "त्याला कळलं नाही. तेवढं तू माझ्यासाठी केलंस."

पलीकडे जोबनं चावायचं थांबवलं. बँडची सगळी मंडळी आपापल्या ताटलीत बघू लागली. उभा जन्म मी ज्या एका क्षणासाठी गमती करतो, तो हा असतो. झाकण उचलायचं आणि समोरच्याचं तोंड बघायचं.

"नाही कळलं," मी म्हटलं.

ती टेबलाकडे वळली. पाव बेकरीतला होता, विकतचा, ताजा, पाठ सोनेरी आणि गुळगुळीत, कसलाही ठसा नसलेली. तिनं तो डाव्या हातानं धरला आणि एका झटक्यात वरची पाठ कापून बाजूला सारली. मग सुरी तशीच हवेत राहिली.

"हा तर विकतचा आहे," ती म्हणाली.

जोबची बायको काहीतरी म्हणणार होती, जोबनं तिचा पाय दाबला.

"ती पाठ इकडे दे," मी म्हटलं.

"हॅम आहे की, रूबन. ती कशाला?"

"आवडते मला."

तिनं माझ्या तळहातावर ती ठेवली. मी चावू लागलो. सेलिना माझ्याकडे बघत उभी होती.

"कडक आहे," ती म्हणाली. "खोकला लागेल तुला."